केंद्र म्हणजे दिल्ली

“बी म्हणालास का डी?”

“बी. बॉलचा बी.”

“मग मघाशी सांगितलास तो? पी की टी?”

आत्या वाईला, मी पुण्यात, आणि दोघांच्या मध्ये दहावीच्या भूमितीतलं एक वर्तुळ. बी, डी, पी, टी ही अक्षरं फोनमधून पलीकडे पोचेपर्यंत सख्खी भावंडं होऊन जातात. दोन रात्री आत्यानं सहन केलं, तिसऱ्या रात्री वैतागली. “तुमची ती अक्षरं ठेवा बाजूला. ए म्हणजे अकोला. बी बारामती. सी नको, कराड कर. डी डहाणू, पी पंढरपूर.”

“आणि ओ? वर्तुळकेंद्र?”

“केंद्र म्हणजे दिल्ली. त्यात विचारायचं काय?”

तेव्हापासून आमच्याकडे वर्तुळावरची उदाहरणं एसटीच्या बोर्डासारखी वाचली जातात.

आमचे चिरंजीव यंदा दहावीला. सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. भूमितीच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण वर्तुळाचं. समरूपता आणि पायथागोरस पार पडले आणि इथे गाडी अडली. आधी त्यानं पानाचा फोटो काढून आत्याआजीला पाठवला. तिनं एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलंय, तेव्हा हक्काचं माणूस. तासाभरानं तिचा फोन मला. “फोटो आला रे. पण मला त्यात मधे नुसता डाग दिसतोय. कडेनं काहीतरी छापलंय.”

आत्याच्या डोळ्यांचं दुखणं असं विचित्र आहे. दृष्टिपटलाच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो, बारीक अक्षर वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही कामं त्याची. वयोमानानं तो झिजला. म्हणजे मधलं गेलं, कडेचं राहिलं. घरात ती कशाला अडखळत नाही, दाराची चौकट, पायरी, पलंगाचा कोपरा सगळं तिला कळतं. ताटात नेमकी जिथं नजर टाकावी तिथली भाजी मात्र दिसत नाही. माझा चेहरा पाहायचा असला की ती माझ्या कानामागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्याशी बोलताना हिचं लक्ष कुठंय?

डॉक्टरांनी तिला एक चौकटींचा कागद दिला होता, आलेखाच्या वहीसारखा, मधोमध काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचं आणि रेघा वाकड्या दिसतात का ते सांगायचं. “सगळ्या वाकल्यात,” आत्या म्हणाली होती. “जन्मभर पोरांच्या पाठीमागं लागले, रेघ पट्टीनं काढा, पट्टीनं काढा. आता पट्टीच वाकडी दिसायला लागली.” ती हसली, डॉक्टर हसले, मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

तर आकृती दिसत नसल्यामुळे ती तिला सांगावी लागते, आणि हे काम माझ्याकडे आलं. मुलगा ‘टॅन्जंट’ म्हणतो, आत्याला ‘स्पर्शिका’ हवी. तो ‘सायक्लिक क्वाड्रिलॅटरल’ म्हणतो, ती म्हणते ‘चक्रीय चौकोन म्हण, जीभ दमेल.’ मी दोघांचा दुभाषी. बँकेत दिवसभर आकडे पाहून आलेला माणूस रात्री साडेनऊला वर्तुळ वाचून दाखवतो.

पहिलंच उदाहरण घ्या. केंद्र दिल्ली. अकोला, बारामती, कराड वर्तुळावर. अकोल्यातून दिल्लीकडे आणि बारामतीकडे जाणाऱ्या रेघांमधला कोन 28 अंश. तर कराडातला, म्हणजे अकोला-कराड-बारामती हा कोन किती?

माझ्या मुलानं काय केलं होतं, तर कोनमापक घेऊन पुस्तकातली आकृती मोजली होती. साठच्या आसपास काहीतरी आलं, मग त्यानं मागचं उत्तर पाहिलं, 62 होतं, आणि ‘छापताना थोडं इकडंतिकडं झालं असणार’ असं ठरवून तो मोकळा झाला. मोजणं आणि काढणं यांतला फरक त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तोवर फोनच्या स्पीकरवर आत्या सुरू झाली होती.

“दिल्लीपासून अकोला आणि बारामती किती लांब?”

“सारखंच. रेडियस,” मुलगा म्हणाला.

“त्रिज्या. मग बारामतीतला कोन?”

“तोही 28.”

“म्हणजे दिल्लीत उरले किती?”

“एकशेऐंशीतून छप्पन गेले, 124.”

“आणि दिल्लीला जेवढं दिसतं, त्याच्या निम्मं गावाला दिसतं. हे राजकारण नाही, प्रमेय आहे. आंतरलिखित कोन. किती?”

“62!”

“थांब. एवढ्यात नको लिहू. कराड कुठल्या बाजूला आहे?”

या प्रश्नावर आम्ही दोघंही गप्प. आकृतीत सी वरच्या बाजूला होता, दिसतच होतं की. पण दिसत होतं ते आम्हाला. मी जे वाचून दाखवलं त्यात ते कुठं नव्हतं. अकोला-बारामती रेघेच्या, म्हणजे जीवेच्या, ज्या अंगाला दिल्ली, त्याच अंगाला कराड असेल तर 62. पलीकडच्या अंगाला, लहान कंसावर असेल तर दिल्लीतला 360 वजा 124, म्हणजे 236 अंशांचा मोठा कोन धरायचा आणि त्याचं निम्मं, 118. दोन उत्तरं, आणि त्यांची बेरीज 180. दोन्हीकडे एकेक कराड धरलं तर चक्रीय चौकोन होतो, म्हणजे चारही कोपरे वर्तुळावर, आणि त्याचे समोरासमोरचे कोन मिळून 180, म्हणून.

मी हायस्कुलात असताना मला भूमिती येत नव्हती असं नाही. मला ती पाठ होती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी चार घरं आखून मी प्रमेयं उतरवून काढायचो आणि प्रत्येक पायरीपुढं कंसात कारण लिहायचो. कंसातल्या कारणांना आत्याच्या लेखी फार मोल. उत्तर चुकलं तर चालेल, कारण चुकलं तर बोलणी. (वर्तुळाचा तुकडा कंस, कारणं लिहायची ती चिन्हं कंस, आणि कृष्णाचा मामाही कंस. ‘कंसाच्या मापाच्या निम्मे’ हे वाक्य फळ्यावर आलं की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी ‘बाई, वध झाला का?’ विचारायचं.) शाळेत ती ‘बाई’ आणि घरी ‘आत्या’. 1987 साली मी दहावीला होतो तेव्हा या दोन्हींची सरमिसळ करायची मला सक्त मनाई होती.

त्याच वर्षी तिनं केलेला एक उद्योग मात्र पाठांतराच्या बाहेर राहिला. मैदानावर व्हॉलीबॉलच्या जाळ्याचे दोन खांब होते. तिनं जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या कापून, दोन-दोन पट्ट्यांना टोकाशी टाचणी मारून, इंग्रजी व्हीसारखी फाकवून आम्हाला दिल्या. सगळ्यांचा कोन एकच, 60 अंश, तिनं स्वतः मोजून चिकटवलेला. “टोक डोळ्याशी धरा. एक खांब या पट्टीच्या रेषेत आणि दुसरा त्या पट्टीच्या रेषेत आला पाहिजे. पुढंमागं सरका. जमलं की पायाशी दगड ठेवा आणि बाजूला व्हा.”

चाळीस-पंचेचाळीस पोरं मैदानात डोळ्याला पुठ्ठा लावून खेकड्यासारखी तिरकी चालत होती. पीटीचे सर लांबून बघत होते. कुणी खांबाच्या फार जवळ गेलं की खांब पट्ट्यांच्या बाहेर फाकायचे, लांब गेलं की आत यायचे. हळूहळू दगड पडत गेले. आणि सगळे बाजूला झाल्यावर दिसलं की दगडांची एक कमान झालीय, या खांबापासून त्या खांबापर्यंत. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी फक्की मारली नव्हती. बाईंनी मग दोरी आणली, केंद्र शोधून काढलं, दोरी फिरवली. दगड थोडे आत, थोडे बाहेर, पण वर्तुळच.

एकच दगड भलतीकडे होता, जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला, चिंचेखाली. तो माझा. तिकडं सावली होती म्हणून मी तिकडून जमवलं होतं. मला वाटलं आता बोलणी बसणार. बाई दगडापाशी गेल्या, माझा पुठ्ठा घेऊन स्वतः डोळ्याला लावून पाहिला. “बरोबर आहे,” म्हणाल्या. “इकडंही एक कमान आहे. तुमच्यापैकी एकालाच सापडली.” दोन्ही कमानी मिळून एक वर्तुळ होत नाही, दोन वेगळ्या वर्तुळांचे ते तुकडे, पुठ्ठ्याचा कोन काटकोन असता तरच दोन्हीकडून एकच वर्तुळ पुरं झालं असतं. हे त्यांनी तिथंच समजावलं. मला त्यातलं काही कळलं नाही, मी नुसता ‘एकालाच सापडली’ या दोन शब्दांवर आठवडाभर तरंगत होतो.

त्या वर्गातला एक जण पुढे मर्चंट नेव्हीत गेला. बऱ्याच वर्षांनी आत्याला भेटायला आला तेव्हा त्यानं सांगितलं की पुठ्ठ्याचा तो खेळ जहाजावरही असतो. किनाऱ्यावर दोन खुणा धरायच्या, दीपगृह, देवळाचा कळस, काहीही नकाशात असलेलं. समोर पाण्यात खडक आहेत. नकाशावर त्या दोन खुणांतून जाणारं आणि सगळे खडक पोटात घेणारं वर्तुळ काढायचं. त्या वर्तुळावरून दोन खुणा किती अंशात दिसतात ते ठरलेलं, कारण वर्तुळाच्या पाण्यातल्या कंसावर कुठंही असा, एकाच कंसातले कोन सारखेच. मग सेक्स्टंट आडवा धरून कोन मोजत राहायचं. ठरलेल्यापेक्षा लहान येतोय तोवर जहाज वर्तुळाबाहेर, वाढला की आत शिरलं. त्याला धोक्याचा कोन म्हणतात. उपग्रहावरून जागा कळण्याच्या आधी माणसं अशी खडक चुकवत. आत्यानं ही गोष्ट मला निदान चार वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी पुठ्ठा कापण्याची कात्री तिची स्वतःची होती हे त्यात येतंच.

निम्मंच का, हे मुलानं परवा विचारलं. प्रश्न चांगला होता, कारण मला तो कधी पडलाच नव्हता. आत्या म्हणाली, “कराडहून निघ, दिल्लीवरून सरळ पुढं जा. आता दिल्ली-कराड आणि दिल्ली-अकोला सारखे, म्हणून कराडातला कोन आणि अकोल्यातला कोन सारखे. त्रिकोणाचा बाहेरचा कोन म्हणजे आतल्या दूरच्या दोघांची बेरीज. म्हणून दिल्लीतला बाहेरचा कोन कराडातल्याच्या दुप्पट. बारामतीकडूनही तेच. आणि केंद्र त्या कोनाच्या आत नसून बाहेर पडलं असेल, तर बेरजेऐवजी वजाबाकी.” मुलानं वहीत काढून पाहिलं. मीही पाहिलं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी मी हे दहा गुणांसाठी लिहिलं होतं. तेव्हा ते असं कराडहून दिल्लीला निघालेलं नव्हतं.

शब्दांवरूनही गाडी कधीकधी रुळावरून घसरते. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. कमान म्हणजे चाप, आणि मधला बाण तो शर; जुन्या ग्रंथांत वर्तुळाच्या तुकड्याला अख्खं धनुष्यच करून टाकलेलं आहे. जीवेला ‘ज्या’ असंही म्हणायचे. हीच जीवा अरबीत जाऊन ‘जीब’ झाली. त्या लिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून ती ‘जैब’ अशी वाचली गेली, म्हणजे झग्याचा गळ्याजवळचा खोलगट भाग, खिसा. हिंदीतलं ‘जेब’ तेच. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यानं त्या खोलगट भागाला ‘सायनस’ म्हटलं, आणि तिथून आपला त्रिकोणमितीतला साइन. म्हणजे माझा मुलगा सहाव्या प्रकरणात साइन थीटा लिहील तेव्हा ती आपलीच धनुष्याची दोरी खिशातून फिरून आलेली असेल. हे मी त्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. “परीक्षेला आहे का?” त्यानं विचारलं. नाही.

आत्याची उदाहरण सोडवायची रीत मला आता थोडी कळायला लागलीय. कुठलं प्रमेय लावायचं हे ती आधी विचारत नाही. ती विचारते, हा कोन कुठल्या कंसाकडं बघतोय? मग, त्याच कंसाकडं आणखी कोण कोण बघतंय? ‘अज्ञात कोन’ हा शब्द तिला आवडत नाही, ‘एक्सची किंमत’ तर त्याहून नाही. “अज्ञात कसला? तो तिथंच बसलाय केव्हाचा. आपल्याला त्याच्या ओळखीचं कुणी भेटलं नाही, एवढंच.” पंढरपूरहून वर्तुळाला दोन स्पर्शिका, एक अकोल्याला टेकते, एक बारामतीला, पंढरपुरात 50 अंश; दोन्ही टेकण्याच्या जागी त्रिज्येशी काटकोन, म्हणून दिल्लीत 130, म्हणून पल्याडच्या कराडात 65. असली उदाहरणं आता मुलगा आत्यापर्यंत जाऊच देत नाही.

अडतं ते रेघ कमी असली की. एक उदाहरण असं होतं: अकोला-बारामती हा व्यास. वर्तुळाच्या एकाच अर्ध्यात क्रमानं अकोला, डहाणू, कराड, बारामती. अकोल्यातला कराड आणि बारामतीमधला कोन 32. डहाणूतला, म्हणजे अकोला-डहाणू-कराड कोन काढा. आकृतीत अकोल्यातून तिन्ही गावांना रेघा होत्या, डहाणू-कराड रेघ होती. मुलगा वीस मिनिटं त्यात रुतला. मीही. आम्ही त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज निरनिराळ्या प्रकारे 180 करून दाखवत होतो, ती येत होती, पण उपयोग शून्य.

“कराड-बारामती रस्ता आहे का?” आत्यानं विचारलं.

“नाही.”

“मग बांध की.”

बांधला. अर्धवर्तुळातला कोन म्हणून कराडात 90 आले. 90 नि 32 गेले, बारामतीत 58 उरले. आणि आता चारही गावं चक्रीय चौकोनाचे कोपरे, डहाणू बारामतीच्या समोर, म्हणून 180 वजा 58, 122. सगळं मिळून चार ओळी. तिला आकृती दिसत नव्हती, म्हणूनच बहुधा तिला नसलेली रेघ दिसली. आम्ही असलेल्या रेघांकडे टक लावून बसलो होतो. (असं मी तिला म्हणालो तर ती म्हणाली, “उगाच काहीतरी काव्य करू नको. एकतीस वर्षं तेच तेच शिकवलं की कुणालाही दिसतं.”)

मग शाळेत एक चाचणी झाली. प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्समध्ये एका उदाहरणाची आकृती छापायचीच राहिली होती. उदाहरण नेमकं पहिल्यासारखं, आकडे निराळे, आणि सी मोठ्या कंसावर की लहान याचा शब्दांत पत्ता नाही. चिरंजीवांनी दोन्ही शक्यता लिहिल्या, दोन्ही उत्तरं काढली, कंसात कारणंसुद्धा दिली. दोनातला एक गुण गेला. शेजारी लाल शाईत शेरा: ओन्ली वन आन्सर.

आत्याला वाचून दाखवलं. मला वाटलं ती चिडेल. ती आनंदानं जवळजवळ ओरडली, “पिशाच्च!”

कोण पिशाच्च? तर ‘लीलावती’तला. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहून ठेवलंय की चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब यांतलं काहीही न सांगता, त्याचं क्षेत्रफळ किती असं विचारणारा एक तर पिशाच्च आहे, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठं. ‘स पृच्छकः पिशाचो वा’, आत्याला ओळ तोंडपाठ. चार काड्यांचा चौकोन टिचकी मारली की कलतो, बाजू त्याच राहून क्षेत्रफळ बदलतं. त्याची स्थिती अनियत आहे, हे ज्याला कळत नाही त्याच्यावर आचार्यांचा हा राग. ब्रह्मगुप्तानं 628 साली बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं फार सुंदर सूत्र दिलं होतं, पण ते बिनचूक लागू पडतं ते चक्रीय चौकोनाला. चारही कोपरे वर्तुळावर टेकवले की चौकोन कलायचा थांबतो. याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. तो शिलालेख आपल्याकडेच, चाळीसगावजवळ पाटणला आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी खानदेशात या गोष्टीवरून चिडणारी माणसं होती म्हटल्यावर मला आमच्या एका गुणाचं दुःख जरा कमी झालं.

“शाळेत जाऊन भांडू का?” मी विचारलं.

“भांडू नको. त्या बाईंना म्हणावं आकृती राहिली होती. त्यांनाही चाळीस-पन्नास पेपर तपासायचे असतात.” थोडं थांबून म्हणाली, “पण ‘लीलावती’तली ती ओळ पोराला वहीत लिहून घ्यायला सांग. मागच्या पानावर.”

दिवाळीत आम्ही वाईला गेलो. दुपारी आत्या आणि मुलगा जमिनीवर बसले होते. तिनं माझ्या बायकोची काचेची बांगडी मागून घेतली, जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पांढऱ्या बाजूवर ठेवली आणि बॉलपेन दाबून दाबून कडेनं फिरवलं, बोटाला चर लागेल इतकं. “हे वर्तुळ. याला केंद्र नाही. शोध.”

“कंपास?”

“कंपास नाही.”

मुलानं डोकं खाजवलं. तिनं कपाटावरून एक लग्नपत्रिका आणायला सांगितली, जाड कागदाची. पत्रिकेचा कोपरा तिनं बोटानं चाचपत रेघेच्या चरीवर नेऊन ठेवला. पत्रिकेच्या दोन कडा वर्तुळाला जिथं छेदत होत्या तिथं नखानं खुणा केल्या, त्या पत्रिकेच्याच कडेनं जोडल्या. काटकोन वर्तुळावर बसला की समोर व्यास पडतो. आमच्याकडचे सुतार गुण्या लावून करतात ते हेच. मग कोपरा दुसरीकडं सरकवून पुन्हा एक व्यास. हे सगळं चालू असताना ती कागदाकडं बघत नव्हती, खिडकीच्या गजांकडं बघत होती, म्हणजे कागद तिला कडेनं दिसत असणार. दोन रेघा जिथं एकमेकींना भेटल्या तिथं तिनं पेनाचं टोक रोवलं.

“ही तुझी दिल्ली. बघ तपासून.”

मुलानं दप्तरातून कंपास काढला, टोक त्या ठिपक्यावर ठेवलं, पेन्सिल बांगडीच्या रेघेवर आणली आणि फिरवली. अर्ध्यापर्यंत बरोबर गेली. मग जरा बाहेर निघाली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही.

“आत्याआजी, थोडंसं चुकलंय.”

“किती?”

“एक मिलिमीटर. दीड असेल.”

तिनं पत्रिका उचलली आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. “झिजलाय रे कोपरा. ही जुनी आहे, जा, दुसरी आण.”